दीड फूट

भांडुप, औद्योगिक वसाहत, गाळा सोळा.
बाहेर छत्तीस अंश, आत उणे चार.
आमचा डोंगर एकवीस मीटरचा.
वडील डोंगरच म्हणतात,
मी तिकिटावर ‘उतार’ छापते.

आधी हा बर्फाचा कारखाना होता.
पहाटे तीनला लाद्या निघायच्या ससून डॉककडे,
भुशात गुंडाळलेल्या, घाम फुटलेल्या.
मासळीवाल्यांनी स्वतःची यंत्रं घेतली
तेव्हा हरेश्वर चुरी, वय एकोणपन्नास,
यांनी जन्मात न पाहिलेला हिमालय
कोपऱ्यात रचायला घेतला:
खाली जुन्या साच्यांचा सांगाडा,
वर फळ्या, वर किसलेला बर्फ.
स्की कुठे मिळतात ठाऊक नव्हतं,
म्हणून लग्नातले दोन पाट माळ्यावरून काढले,
टोकं तासली, ट्यूबचे पट्टे ठोकले.
त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.
आई काही बोलली नाही,
वडिलांनीही मीठ मागितलं नाही.

पलीकडचे चार गाळे आता कंपनीचे.
सत्तर मीटरचा उतार, निळे दिवे,
दर तासाला छतातून पडणारं हिम,
आणि न चावणारे बूट.
आमचे बूट चावतात. मी प्लॅस्टर पट्ट्या फुकट देते.

सलोनी मर्चंट आली, हातात मोजायचं लेझर.
म्हणाली, मधली भिंत काढू,
मनगटाला एकच पट्टा, दोन्हीकडे फिरा.
नाव तुमचं राहील की. ‘चुरी कॉर्नर’.
केदार फोनवर म्हणाला,
ताई, नव्या कॉम्प्रेसरला अठरा लाख. आहेत?
वडिलांनी एवढंच विचारलं,
रात्री यंत्र कोण ऐकणार?
(तेवीस वर्षं त्यांची खाट यंत्राशेजारी.
आवाज जरा घोगरा झाला की उठतात,
तान्ह्या मुलासाठी उठावं तसे.)
सेन्सर, सलोनी म्हणाली.
वडिलांनी मान डोलावली,
जणू सेन्सर हे चांगल्या घरातल्या मुलाचं नाव.

फ्रान्सिस तुस्कानो पाना पुसत मला बाजूला घेऊन म्हणाला,
दोन वर्षं बिल कमी येतं ना?
साहेबांना वाटतं, त्यांनी व्हॉल्व्ह बसवला म्हणून.
हात लाव भिंतीला.
लावला.
थंडी तिकडून येत होती.

हे मी घरी सांगितलेलं नाही.

आणि लेझरचा तो लाल ठिपका,
आधी आमच्या जमिनीवर, मग त्यांच्या:
फरक दीड फूट. खाली त्यांची.
म्हणजे पोरं चढणार आमच्याकडे,
किंचाळत सुटणार आमच्याकडून,
आणि उठून कपडे झटकणार तिकडे,
जिथे कॉफी, फोटोचा काउंटर, गरम मका.
परत वर यायला सरकता पट्टा, त्याचे पैसे निराळे.
करारात याबद्दल एक ओळ नाही.
उताराला करार वाचायची गरज पडत नाही.

काल शाळेची सहल होती, मुलुंडहून, बेचाळीस मुलं.
तीन नंबरचे बूट संपले.
एका मुलीने पाच नंबरात कागद कोंबला
आणि नऊ वेळा घसरली.
दहाव्यांदा मला विचारलं, भिंतीच्या मागे काय आहे?
म्हटलं, अजून बर्फ.
मग भिंत कशाला? म्हणाली,
आणि उत्तरासाठी थांबली नाही.

बंद झाल्यावर मी पाट काढले.
एकावरचा रंगवलेला आंबा अजून अर्धा दिसतो.
वर चढले, वजन पुढे टाकलं,
आणि नेहमीसारखी खाली येऊन
भिंतीला बांधलेल्या टायरवर आदळून थांबले.
याच्याशिवाय थांबायची रीत
वडिलांनी मला कधी शिकवली नाही.
त्यांनाही ती येत नसावी.

सोमवारी दहाला सलोनी येईल.
पंचावन्न जोड उलटे टांगलेत,
ओल शोषायला आत कालची वर्तमानपत्रं.
आतून वडिलांची हाक: ऐकलंस का?
मी कान दिला.
यंत्र चालू होतं.
मला काही वेगळं ऐकू आलं नाही.