कमावणे

अर्लिसबाई म्हणाल्या, आधी पोटाकडे बघ.
ससा पहिल्यांदा पोटाशी सुटतो.
दोन केस चिमटीत धर, हळू ओढ.
हातात आले, तर संपलं.

व्हिरोकात नोव्हेंबर. गॅरेजचं शटर अर्धं वर,
त्याखालून भुरभुर बर्फ आत आलेला.
प्लास्टिकच्या बादलीत मीठ आणि तुरटी,
लाकडी पट्टीने ढवळायचं, धातू नको,
दिवसातून दोनदा, आठवडाभर.
मी फार्मसिस्ट. तुरटी ग्रॅमवर मोजून आणली.
त्यांनी मुठीनेच घातली,
नवऱ्याची केशरी शिकारटोपी कपाळावर सरकवत.
सोललं की लगेच गार करायचं, म्हणाल्या.
ऊब राहिली की केसांची मुळं सैल होतात.

(ऊब राहिली होती.
ड्युटीवरून येताना तासभर
ससा गाडीत, हीटरपाशी.
हे मी त्यांना सांगितलं नाही.)

आजोबांची करमाळ्याला ओढ्याकाठी चार कुंडं.
पहिलं चुन्याचं. त्यात कातडं आठ दिवस,
की केस आपणहून सोडून देत.
मग बाभळीची साल, हिरड्याचा कूट.
त्यांचं निम्मं कसब केस घालवण्यात.
आणि इथे सगळी धडपड केस राखण्याची.

आमच्या भाषेत पगार कमावतात
आणि कातडंही.
बाबांनी आयुष्यभर पहिलंच कमावलं.
तलाठी झाले, साबण बदलत राहिले,
घरात चामड्याचा पट्टा येऊ दिला नाही.
वास अंगाला नव्हता, दाखल्यावर होता.
वर्गात पोरं तरी नाक धरायची.

रविवारी ओढून पाहिलं.
चिमटीत आले.
मग मूठभर.
खाली पोट उघडं, निळसर,
कानाच्या पाळीइतकं मऊ.
अर्लिसबाई चुकचुकल्या :
टाकून दे, पहिलं सगळ्यांचंच जातं.

मी टाकलं नाही.
रात्री सिंकपाशी उरलेले केसही काढले,
अंड्याचा बलक चोळला,
खुर्चीच्या पाठीवरून मागेपुढे ओढत बसले.
रक्तात असतं, असं कुणी म्हणू नका.
रक्तात काही नसतं. दोन ठिकाणी फाटलं,
खांदे दुखून आले,
आणि एक कोपरा पत्र्यासारखा ताठ राहिला.

तेवढ्यात बाबांचा फोन.
काय करतेस?
कातडं कमावतेय, म्हटलं.
पलीकडे त्यांच्या पंख्याची घरघर.
बराच वेळ तेवढीच.

मग म्हणाले,
ताठ राहिलं असेल तर ओलं करून परत ओढ.
वाळायच्या आत.
एकदम नाही वाळू द्यायचं.

फ्रीजरमध्ये मटाराशेजारी दुसरं ठेवलंय.
ते केसांसकट राखायचं, अर्लिसबाई म्हणतात.
मी कोपऱ्यावर पाणी शिंपडलं.
फोन स्पीकरवर ठेवला.
हात मोकळे हवे होते.