पीचची भिंत

सात चाळीसला चॅपलसमोरून सुटली बस.
एकतीस माणसं, दोन कुबड्या, एक घडीची व्हीलचेअर
आणि मिसेस ऑर्मरॉडच्या मांडीवर अंड्याच्या सँडविचांचा डबा,
ज्याचा वास स्किप्टन यायच्या आत
शेवटच्या बाकापर्यंत पोचला.
यादी माझ्याकडे. दरवर्षी माझ्याकडेच असते.
भाजी-वाफे मंडळाचा चिटणीस म्हणजे
चढताना एकदा, उतरताना एकदा
डोकी मोजणारा माणूस.

थॉर्नबेक हॉल.
एकशे बारा खिडक्या, गाईड म्हणाली,
त्यातल्या नऊ भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या,
दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून.
क्लॅरेन्स म्हणाला, "माझ्या शेडला एकच आहे. पण उघडते."
गाईड हसली नाही.

जिन्यात पूर्वज टांगलेले,
सगळ्यांना एकच नाक,
पिढ्यान्‌पिढ्या आळीपाळीने वापरल्यासारखं.
दोरीपलीकडे मांडलेलं जेवणाचं टेबल,
मेणाची द्राक्षं, प्लास्टरचा मासा.
डोरिन कुजबुजली,
"हे सगळं पुसतं कोण?"

मग आलो तटबंद बागेत
आणि आमच्या लोकांना कंठ फुटला.
कुणी लीकची जाडी बोटांनी मापली,
कुणी बटाट्याच्या पानामागे करपा शोधला
आणि सापडल्यावर
मनापासून खूश झाला.

उत्तरेची भिंत आतून पोकळ होती.
मागे चार भट्ट्या; धूर विटांतून फिरायचा,
पीचच्या मोहोराला हिमकडा लागू नये म्हणून.
फेब्रुवारी ते मे, रात्रभर,
कोळसा घालायला एक पोरगा झोपायचा तिथे.
म्हणजे, झोपायचा नाही.

"नाव काय त्याचं?" नेस्टानं विचारलं.
तिनं एकोणतीस वर्षं
इस्पितळात रात्रपाळी केली.
गाईडनं कार्ड उलटंपालटं केलं.
नाव नव्हतं.
झाडांची होती, पत्र्याच्या पट्ट्यांवर:
रॉयल जॉर्ज. नोब्लेस. बेलगार्ड.

नेस्टानं भिंतीला तळवा लावला.
मीही लावला, ती पुढे गेल्यावर.
ऊन होतं, म्हणून वीट कोमट होती. एवढंच.
"टीरूम चारला बंद होते," कुणीतरी ओरडलं,
आणि सगळे हातातल्या कुबड्यांसकट
तिकडे धावले.

परतताना मोजले: तीस.
पुन्हा मोजले: तीस.
क्लॅरेन्स आला, दहा मिनिटं उशिरा,
कोटाचा डावा खिसा ओला,
त्यातून रुमालाचं टोक
आणि टोकातून एक डोळा फुटू पाहणारी काडी.
चिटणीस म्हणून मी बोलायला हवं होतं.
"एकतीस," मी ड्रायव्हरला म्हणालो.

पीच असा रुजत नाही, हे मंडळात पोरंटोरंही जाणतात.
चौदा नंबरच्या वाफ्यात, शेडच्या भिंतीशी,
जूनपर्यंत ती काडी वाळून गेली.
पट्टी मात्र आहे अजून,
सार्डिनच्या डब्याची, कात्रीनं कापलेली.
तिच्यावर खिळ्यानं कोरलंय:
भट्टीवाला पोरगा.

परवा तिच्याभोवतालचं गवत
कुणीतरी काढलेलं दिसलं.
क्लॅरेन्स म्हणतो, मी नाही.