अक्षर

काल रात्रीपर्यंत ओळखत होता.
आज शुक्रवार, मनामाच्या या दोन खोल्यांत
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि लॅपटॉप म्हणतो, कोण?
म्हणतो असंही नाही. काहीच म्हणत नाही.
तो टुडुंगसुद्धा नाही,
ज्याला मी इतकी वर्षं आवाजात धरलंच नव्हतं.

केबल काढली, फुंकली, घातली.
दुसऱ्या भोकात घातली, जिथे माऊस चालतो.
बंद केलं, चालू केलं.
डबीचा निळा दिवा लागतो, म्हणजे वीज पोचते.
कान लावला:
आत काहीतरी फिरतंय, लांबच्या गिरणीसारखं.
जीव आहे. ओळख तेवढी नाही.

क्लिनिकमधलं हजेरीचं यंत्रही असंच करतं.
दिवसभर हातमोजे, सॅनिटायझर, पुन्हा हातमोजे,
संध्याकाळी अंगठा ठेवला की लाल दिवा.
मारिसेल म्हणते, केसांवरून फिरव, तेल लागू दे.
मी फिरवते. मग हिरवा.
अंगठा दोन्ही वेळा माझाच असतो.

पुलापलीकडे, खोबरला, नवऱ्याला फोन लावला.
तो म्हणाला, फॉरमॅट मार, चालू होईल.
मी म्हटलं, तू जेवलास का?

डबीत निमिष आहे, शून्य ते साडेपाच.
मग तो चिपळूणला गेला, नणंदेकडे, शाळेसाठी.
गेल्या मेमध्ये दारात उभा होता, मिसरूड फुटायच्या बेतात.
आधी माझ्या बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे.
फार नाही. दोन सेकंद.

संध्याकाळी सूकमागच्या गल्लीत परकारांचं दुकान.
मकबूल परकार, दाभोळचे, एकवीस वर्षं इथेच.
मला वाटलं स्क्रू ड्रायव्हर काढतील.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आपली केबल लावली. काही नाही.
मग कुठलीशी यादी उघडली, जी माझ्याच लॅपटॉपमध्ये होती
आणि मी कधी बघितली नव्हती.
"ह्यो बघा, हाय तुमचा. तब्येत बरी हाय.
फकत याला अक्षर नाय."

अक्षर?

"सी हाय, डी हाय. ई तुमच्या हापिसान घेतलान."
काल रात्री क्लिनिकचं नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं.
त्याने आल्या आल्या ई बळकावला
आणि हा न भांडता बाजूला झाला,
फिरत राहिला आतल्या आत, बिननावाचा.

निमिषच्या बारशाला गुरुजींनी पंचांग बघून 'ढ' काढला होता.
सासूबाई म्हणाल्या, माझ्या नातवाला ढ?
तीन दिवस बाळ नुसतं बाळ होतं.
मग 'न' कुणी सुचवला ते आता आठवत नाही.

"कुठला देव? एफपासून झेडपर्यंत सगळी मोकळी."
इतकी अक्षरं मोकळी पडून असतात.
मी म्हटलं, एन.

टुडुंग.

सगळ्यात वर वॉशिंग मशीनचं बिल.
मग एकाच केकचे चाळीस फोटो, सगळे हललेले.
मग समुद्राकाठची फरसबंदी, तिच्यावर तो,
एक सँडल पायात, एक हातात.
कॅमेरा माझ्याकडे, म्हणून मी कुठेच नाही.
नुसता आवाज: इकडे बघ, इकडे, अरे इकडे.
तो बघतो. सरळ बघतो,
एक सेकंदही न लावता.

परकारांनी केबलचे दीड दिनार घेतले.
अक्षराचे काही घेतले नाहीत.
"दोन डब्ब्यांत ठेवा," म्हणाले,
"एकच असला काय कधी ना कधी रुसतो."

घरी येऊन बादली ओतली.
तो सँडलवाला व्हिडिओ चिपळूणला पाठवला.
एक खूण. दोन खुणा.
निळ्या अजून नाहीत.
तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, झोपला असेल.