ताट

बिलिंगहून राजगुंध्याच्या वाटेला लागले तेव्हा
आभाळात रंगीत छत्र्या होत्या,
हॉटेलातले पलंगपोस कुणी झटकून
वाऱ्यावर सोडून द्यावेत तशा.
गट पुढे गेला.
माझा उजवा गुडघा स्वतःच्या हिशोबाने चालतो.

कुरणाच्या कडेला एक सपाट दगड,
पाण्याने नाही, आणखी कशाने तरी
चाटूनपुसून गुळगुळीत झालेला.
बसले. बूट काढले.
थमसरच्या अंगाला जुनं, मळकं बर्फ,
घडी मोडलेल्या पासोडीसारखं.
फोटो काढला.
मग दुसरा, अगदी पहिल्यासारखाच.

"बीबीजी, जरा उठाल?"
म्हातारा. कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे
वेढ्यांवर वेढे,
चोळ्याच्या पोटात काहीतरी हलत होतं.
"तिथं ती जेवतात.
ताट आहे ते त्यांचं."

उठले. कानशिलं तापली थोडी.
त्याने थैलीतून मीठ काढलं, जाडं, करडं,
आणि दगडावर चिमटी चिमटी ठेवत गेला.
आमच्यात पानावर आधी मीठ वाढतात.
इथे मीठ वाढलं की
वाढणं संपलं.

मग शीळ घातली, ओठ न हलवता.
समोरच्या उतारावर मी मघापासून
जे दगड समजत होते
ते उठून धावत आले.
ढुशा, लेंड्या, ओल्या लोकरीचा वास,
माझा एक बूट कुठल्या कुठे.
एका शेळीला ताटाशी जागा मिळेना,
तिने माझा तळहात चाटला.
सकाळपासूनचा घाम.
चालला तिला.

"खाल्ल्या मिठाला जागतात का हो?"
"कुठली! पुढच्या मिठाला येतात."

नाव सौदागर. सांगताना स्वतःच हसला,
"बापाला वाटलं, दुकान टाकेन."
मुलगा खाली बीडला असतो
(त्यांचं बीड, आपलं नव्हे),
पाहुण्यांना पोटाशी बांधून उडवतो.
"म्हणतो, बाबा, वरून तुझा धण दिसतो,
सांडलेल्या तांदळाएवढा.
मला तो नाही दिसत.
लाल छत्री त्याची.
पण लाल चार आहेत."

चोळ्यातून कोकरू काढून
त्याने माझ्या ओच्यात टाकलं, धरा म्हणाला,
वाटेत झालंय, आईला अजून उमगलेलं नाही.
ते थरथरत होतं की मी, कळेना.

तेवढ्यात एक लाल छत्री डोंगराआडून आली.
तिची सावली मेंढरांवरून सरकली,
मिठावरून, आमच्यावरून.
एकाही मेंढराने मान वर केली नाही.
सौदागरने हात वर केला
आणि ती पलीकडे उतरेपर्यंत तसाच ठेवला.
चारांतली कुठली, मी विचारलं नाही.

पुढून आमच्या म्होरक्याची शिट्टी आली,
प्लास्टिकची, नारिंगी.
कोकरू परत केलं. बूट शोधला.
एका हातानेच नाडी बांधत बसले.
दुसरा अजून ओला होता.