दोनशे छप्पन्न

तासगावात बेदाण्याचे सौदे अकराला सुरू होतात.
मी सांगलीत, विश्रामबागेत,
दाताच्या दवाखान्यावरच्या खोलीत बसून
त्यांचा सर्व्हर सांभाळतो.
बेदाणा मी फारसा खात नाही.

त्या मंगळवारी अकरा वाजून सात मिनिटांनी
लॉगमध्ये एक ओळ उमटली :
मर्यादा गाठली आहे, वाढवण्याचा विचार व्हावा.
इतकंच.
शेजारच्या टेबलावरून कुणी खाकरावं, तसं.
मी पाहिली नाही. चहाला गेलो होतो.

पावणेबाराला सावळजहून फोन.
"काय ओ, तुमचं पान नुसतं फिरतंय.
माझा लॉट एकेचाळीस. गेला का ऱ्हायला?"
नाव मालन खराडे. मागे मळणीयंत्राची घरघर.
मी म्हणालो, सर्व्हर चालू आहे की.

खोटं नव्हतं.
आत दोनशे छप्पन्न जण होते
आणि प्रत्येकाला भाव दिसत होता,
हिरव्याचा, पिवळ्याचा, काळ्याचा.
मालन दोनशे सत्तावन्नावी असेल,
नाहीतर चारशेवी.
जो आत आला त्याची वेळ, पत्ता, काय मागितलं, काय मिळालं,
ओळीनं लिहिलेलं असतं.
जो दारातून मागं फिरला
तो आलाच नव्हता.

दुपारभर लॉग चाळला. ती ओळ एकदाच.
मग वाचून कळलं, ती एकदाच येते.
पुढे तासभर गच्च राहो, दिवसभर राहो,
सर्व्हर पुन्हा तोंड उघडत नाही.
माझी थोरली बहीण अशीच.
सांगितलं होतं मी, म्हणते, आणि भाजी चिरायला लागते.

"पाचशे कर की," इम्तियाज मुजावर म्हणाला.
मेमरी चार जीबी.
पंधरा किलोच्या पेटीत वीस किलो दाबले
की तळचा माल रडतो,
हे तासगावात कुणालाही विचार.

म्हणून स्क्रिप्ट लिहिली.
दर मिनिटाला आत डोकवायचं, डोकी मोजायची.
कोण मागतोय, कुणाला वाढणं चाललंय, कोण नुसता बसलाय.
पहिल्याच मोजणीत एकशे नव्वद नुसते बसलेले!
पान मिळालेलं, भाव पाहून झालेला,
तरी पंधरा सेकंद जागा सुटत नव्हती.
पंगत उठली तरी पाटावर विडा चघळणारे,
आणि पाठीशी पुढची पंगत ताटकळत.
पंधराचे दोन केले.
दोनशे वीसला माझा फोन वाजेल असं लावलं.

पुढचा मंगळवार.
एकशे चाळीस. एकशे त्र्याहत्तर. दोनशे चार.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
फोन वाजला नाही. इम्तियाजनं भडंग आणली.

भडंग खाता खाता मी सहज
आधीच्या मंगळवारचा लॉट एकेचाळीस उघडला.
विकला गेलेला. अकरा एकतीसला.
भाव पसंत नसेल तर दहा मिनिटांत नकार कळवायचा असतो.
नकाराचा रकाना रिकामा.
त्यापुढे, आपोआप : मान्य.

गप्प म्हणजे कबूल,
हा नियम त्यात मीच घातला होता,
दोन वर्षांपूर्वी, एका ओळीत.
त्या दिवशी हुशार वाटलो होतो.

बोटांना तेल लागलेलं. पुसलं.
मर्यादा भरली की दहा मिनिटांचं घड्याळ थांबेल,
मोकळी होईल तेव्हा पुढे चालेल, असं केलं.
कुणी सांगितलं नव्हतं. बिलातही लावलं नाही.

मे महिन्यात चौगुल्यांचा फोन आला, अडतीवरून :
मधेच लॉट का अडकतात हो? व्यापारी बोंबलतात.
म्हटलं, तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी असतं.
"कोण?"

ते लिहिलेलं नसतं, धनपालशेठ.