गुरगुर

भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात.
आमचा बार्नी भुंकलाच नाही.
हॅलिफॅक्सच्या त्या चढाच्या गल्लीत
शफीक पोस्टमनने पत्र पुढे केलं
आणि मधे काहीच न घडता
त्याच्या मनगटावर चार लाल टिंबं.
"असू दे, असू दे," म्हणाला तो, पांढराफटक.
त्या आठवड्यापासून आमचं टपाल बंद.

दिगूकाका फोनवर, फलटणहून:
"शेपूट नळीत घालून कधी सरळ झालंय का रे?"
शाल्मलीने फोन उलटा ठेवला.
आम्ही माणूस शोधायला लागलो.

पहिला क्रेग. व्हॅनवर लांडगा रंगवलेला.
"दोन आठवडे. गॅरंटी.
घरात मालक कोण, हेच त्याला कळलेलं नाही."
खिशातून साखळी निघाली, आतून काटे असलेली.
एक हिसका. बार्नी आडवा.
"बघा, कसा शांत झाला."
ती शांतता माझ्या ओळखीची होती.
आप्पा पाटावर बसले की
आमच्याकडे अशीच वाढली जायची,
मीठ-लिंबासोबत.
मी चाळीस पौंड मोजले
आणि दार उघडं धरलं.

दुसऱ्याने प्रमाणपत्रं पाठवली. सात. सोनेरी कडा.
शाल्मली हिशेबतपासनीस,
तिला सोनेरी कडांचा मुळातच संशय.
तिने एकेका संस्थेला फोन लावला.
तिसरा फोन त्याच्याच आईने उचलला.
इथे केस कापणाऱ्यालाही लोक दहादा विचारतात,
पण श्वानगुरू म्हणून कार्ड
कुणीही आज रात्री छापावं.

हेलन ॲकरॉइड मात्र आलीच नाही.
आधी अकरा पानी प्रश्न आले,
आणि एक ओळ: डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मी येत नाही.
एक्स-रेत डाव्या खुब्याची झीज निघाली.
वर्षभर आम्ही त्याला त्याच पायावर
तो दगडी जिना चढवत होतो,
"आळशी कुठला" म्हणत.

सहाव्या पानावर विचारलं होतं:
चावण्याआधी तो काय करतो?
आम्ही लिहिलं: काहीच नाही.

मग आली. पायरीवर बसली, त्याच्याकडे पाठ नाही, तोंडही नाही,
बसची वाट बघत बसावं तशी.
त्याला हाक मारली नाही. चीजचे तुकडे पडू दिले, लांब लांब.
चहा गार झाला.
"करतो की," म्हणाली. "आत्ता नाकावरून जीभ फिरवली.
मान वळवली. डोळ्याचा पांढरा भाग दिसला.
आणि हे बघा, थिजला.
किती पत्रं पाठवतोय बिचारा,
टपाल तुमच्याकडेच बंद आहे."

"गुरगुर कुणीतरी मारून काढलीय त्याची.
आधी ती परत आणू."
"बरा होईल?"
"गॅरंटी नाही देत मी.
मुसक्याची सवय लावू, सावकाश, चीज लावून.
फाटकावर पत्रपेटी बसवा, आजच.
आणि गुरगुरला, तर ओरडू नका.
थांबा. मागे सरा."

तीन महिने. पाऊस, चीज, औषधाची अर्धी गोळी,
दोनदा वाटलं की दिगूकाकाच खरा.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. त्याच्या अंगावरून
मी चष्मा घ्यायला वाकलो
आणि त्याच्या घशात
गिरणीचा जुना पट्टा फिरावा तसं काहीतरी फिरलं.
मी थांबलो. मागे सरलो.
शाल्मली ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत.
"गुरगुरला?"
"गुरगुरला!"
पेढे वाटावेत असं झालं आम्हाला,
आणि हसायचं तेही कुजबुजत.

रात्री भांडी पुसताना
ती म्हणाली, फडकं न थांबवता,
"मला तुझा राग आलाय. गेल्या मंगळवारपासून."
हातातलं ताट मी ओट्यावर ठेवलं.
थांबलो.
एक पाऊल मागे सरलो.