पाच चिंचोके

घाटंजीत बाजाराच्या दिवशी
डॉक्टर वाकुलकरांचा ओटा सकाळीच भरतो.
मी कडेला बसते, मांडीवर फळी,
फळीवर फॉर्म, फॉर्मच्या माथ्यावर छापलेलं:
‘व्यक्तिकेंद्रित सेवा : रुग्णांचा अनुभव’.
पर्बताबाई टेकामनं ते माझ्याकडून वाचून घेतलं.
म्हणाली, “केंद्र त तिकडं हाये न, बाजाराच्या पल्याड?
हा त दवाखाना हाये.”

पहिल्या आठवड्यात आकडे सांगून पाहिले, एक ते पाच.
सगळे पाचच म्हणायचे,
परक्या घरी ‘चहा मस्त झाला’ म्हणतात तसं.
मग नागपूरच्या ऑफिसला न विचारता
मी पुरचुंडीभर चिंचोके आणले.
प्रत्येकाला पाच. जितकं खरं वाटते
तितके वाटीत टाका.

डॉक्टर तुमचं म्हणणं पूर्ण ऐकतात?
पर्बताबाईनं तीन टाकले. थांबली.
एक परत उचलला आणि मुठीत धरला.
“आयकते. पर मी कोलामीत कण्हतो,
ते मराठीत लिवते.
मंधात कुठंतरी सांडते थोडं.”
दोन म्हणजे ‘असहमत’.
ती तसं म्हणाली नव्हती.
मी तसं लिहिलं.

तुमच्या घरची परिस्थिती डॉक्टरांना माहीत आहे?
शालिकराव भोयर, साखर तीनशेच्या वर,
पाचही चिंचोके आपटले त्यांनी.
“मले इचारते, पुरणपोळी किती खाल्ली?
म्हणलं, शिवलो बी नाई.
म्हणते, तुमच्या सुनंनं त दोन सांगतल्या!”
रागानं दिलेले पाच
आणि खुशीनं दिलेले पाच
एकाच रकान्यात बसतात.

दुपारी ओटा रिकामा झाला तेव्हा
तुळशीराम खोब्रागडे आले, काठी टेकत.
तपासताना तुमचा मान राखला जातो?
ते बराच वेळ वाटीकडे पाहत राहिले.
“माह्या मायले ताप होता तवाचा एक वैद्य होता.
पुडी वरून टाकत होता वंजळीत.
नाडी पायली नाई कधी. दुरूनच समजत होतं त्याले.
यानं पयल्याच दिशी मनगट धरलं.
मोजून झालं तरी सोडलं नाई लवकर.”
पाच टाकले. “आखीन हायेत का?”
पाचच असतात बाबाजी, मी म्हटलं.
त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला
आणि सुपारीचं एक खांड
हळूच वाटीत ठेवलं.

फॉर्ममध्ये सुपारीला जागा नाही.
मी शेरा लिहायला गेले,
रेघ अर्ध्या बोटाएवढी.

दिवे लागायच्या आत पर्बताबाई बाजारातून परतली,
डोक्यावर टोपली, टोपलीत मीठ, मिरच्या, खोकल्याचं औषध.
मुठीतला चिंचोका तिनं माझ्या फळीवर ठेवला.
“हा तुहा राहिला होता.
आज डाक्टरनं इचारलं बरं का,
दुखते याले तुमच्या बोलीत काय म्हणते.
दोनदा म्हणून पायलं त्यानं. चुकलाच.”

मी पेन उघडलं. मग तीन करू?
“कायले?” ती हसली.
“एकच डाव त इचारलं. दोनच राहू दे.
म्होरल्या बाजारी याले आठोते का पाहू.”

रात्री लॉजवर सगळी बेरीज केली.
सरासरी निघाली तीन पूर्णांक आठ.
पुरचुंडी बांधताना पुन्हा सोडली,
सुपारी बाहेर काढली,
कुठं ठेवावी कळेना,
परत आत टाकली.